ओ कोणी दिली?

हाकामारीच्या गोष्टीत हाकामारीचे वर्णन जवळजवळ नसतेच. तिचे दात किती लांब, डोळे कोणत्या रंगाचे, पाय सरळ की उलटे, याची कुणी फारशी चौकशी करत नाही. रात्री दाराबाहेरून ओळखीच्या आवाजात नावाने हाक येते आणि पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते, एवढीच ती गोष्ट. तरी पिढ्यान्‌पिढ्या ती टिकली, कारण तिच्यातली भीती दाराबाहेर नाही, दाराच्या आत अंथरुणावर उठून बसलेल्या माणसाच्या घशात आहे. हाक आईच्या आवाजात आली तर गप्प राहायचे का? दूरगावी गेलेल्या मुलाच्या आवाजात आली तर? रक्त पिणाऱ्या मृतांच्या कादंबऱ्या आणि त्यांच्या मालिका कशा जोखाव्यात, हा पुढच्या पानांचा विषय आहे. त्याची प्रस्तावना हाकामारीपासून करण्याचे कारण असे की या सगळ्या साहित्याची कसोटी तिच्यात आयती सापडते. रक्तपिपासूच्या कादंबरीचा दर्जा रक्तपिपासूवरून ठरत नाही. त्याला ओ कोणी दिली, का दिली आणि त्या एका शब्दाची किंमत कोणाला मोजावी लागली, यावरून तो ठरतो.

हे एका गोष्टीवरून काढलेले अनुमान नाही. आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध वेताळकथा घ्या. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त ज्या पंचवीस कथा सांगितल्या, त्यांत राजा स्मशानातल्या झाडावरचे प्रेत खांद्यावर घेतो. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याचे डोके फुटेल, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये या कथांचा इंग्रजी अवतार काढताना शीर्षकातच वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले. ते नाव चुकीचे आहे. वेताळ रक्ताचा भुकेला नाही, तो परीक्षक आहे, आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या कितीतरी गावांत तर तो राखणदार देव आहे. तरी बर्टनच्या चुकीत एक खरे साम्य दडले आहे. वेताळ असो, हाकामारी असो की युरोपातला ड्रॅक्युला, मृताला बळ मिळते ते जिवंत माणसाच्या शब्दातून. राजाने मौन मोडले की वेताळ सुटतो, घरातल्याने ओ दिली की हाकामारी साधते, यजमानाने ‘या’ म्हटले की ड्रॅक्युला उंबरा ओलांडतो. भूमी वेगळी, भूक वेगळी, पण कडी आतूनच निघते.

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाली. सुळे, वटवाघूळ आणि काळा झगा एवढ्यावर तिची ओळख उरली असली, तरी कादंबरीची सुरुवात एका जागेच्या व्यवहाराने होते. जोनाथन हार्कर हा तरुण वकील लंडनजवळच्या मालमत्तेची खरेदी पुरी करून देण्यासाठी सरदाराच्या गढीवर जातो. म्हणजे इंग्लंडचे दार उघडते ते कायदेशीर कागदाने. पुढे हार्करच्या पत्नीवर, मीनावर, जो हल्ला होतो त्याचे मूळ तर आणखी बोलके आहे. मीना डॉक्टर सेवर्डच्या मनोरुग्णालयात आश्रयाला असते, आणि ड्रॅक्युलाला तिथे आत घेतो रेनफील्ड हा रुग्ण, अगणित जिवांच्या लालसेपायी. शब्द एकाने दिला, रक्त दुसरीचे गेले. कादंबरी पत्रे, रोजनिशा आणि तारांतून सांगितलेली आहे, ती रचनाही नुसती हौस नाही. कोण कधी काय बोलले, कोणी काय लपवले, याची ती लेखी नोंद आहे, आणि ही सगळी कागदपत्रे एकत्र जुळवल्यावरच माणसांना शत्रूचा माग लागतो. योगायोग असा की त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी सोजीर घराघरांत, थेट स्वयंपाकघर आणि देवघरापर्यंत घुसत होते, आणि २२ जूनच्या रात्री त्या मोहिमेचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. हे दोन १८९७ शेजारी ठेवले की एक फरक लख्ख दिसतो. जबरदस्तीने उंबरा ओलांडणारा शत्रू असतो, त्याच्याविरुद्ध संताप उसळतो. परवानगी घेऊन आत येणाऱ्याविरुद्ध संताप पुरा पडत नाही, कारण त्यात आपलाही हात असतो. रक्तपिपासूच्या कथेचा खास प्रांत हा दुसरा आहे. तो सोडून जी कादंबरी नुसते हल्ले रंगवते, ती युद्धकथा होते, मग शत्रूला कितीही दात असोत.

मराठीत या प्रांताचे दार उघडले ते नारायण धारपांनी. १९२५ ते २००८ या आयुष्यात त्यांनी भयकथेचे जे प्रचंड लेखन केले, त्यात ‘लुचाई’ ही रक्तपिपासूंची कादंबरी वाचक आजही आवर्जून काढतात. ती स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे, म्हणून मूळ सांगाडा आधी तपासला पाहिजे. किंगने ड्रॅक्युलाला उचलून अमेरिकेतल्या एका झोपाळू गावात आणून ठेवले. तिथेही पहिला शब्द दिला जातो तो जमिनीच्या व्यवहारात. लॅरी क्रॉकेट हा गावातला जागांचा दलाल एक बदनाम घर आणि एक बंद पडलेले धुलाई-दुकान परक्याला अवघ्या एका डॉलरला विकतो, कारण बदल्यात त्याला दुसरीकडची कितीतरी मोलाची जमीन मिळणार असते. प्रश्न विचारायचे नाहीत, ही अट तो मान्य करतो. नंतर रात्रीमागून रात्री खिडक्यांवर जे ओरखडे ऐकू येतात, त्यांची इसारपावती इथे फाडली गेलेली असते. या कादंबरीचा पहिला अर्धा भाग संथ आहे, ही तक्रार नेहमी होते. पण त्या संथ पानांत कोण कोणाला मारते, कोण कोणाचे गुपित धरून बसले आहे, कोणाच्या घरात कोण एकटे पडले आहे, याचा जमाखर्च मांडलेला असतो. पुढे खिडकी कोण उघडणार, हे आपल्याला आधीच कळू लागते. खरी भीती तिथे उगवते.

आता पहिला आक्षेप. हा सगळा उसना माल आहे, मराठी मातीत असले भूत नव्हतेच, मग रूपांतराला साहित्य म्हणून मोजायचे कशाला? आक्षेपातला अर्धा भाग खरा आहे. आपली भुते बहुधा एका जागेला आणि एका वासनेला बांधलेली असतात. मुंजा पिंपळ सोडत नाही, समंध आपल्या वाड्याला आणि पुरलेल्या धनाला चिकटून असतो, हडळ आपल्यावरचा अन्याय विसरत नाही. त्यांना काहीतरी हवे असते, ते दिले की ती शांत होतात. रक्तपिपासू मात्र शांत होत नाही, आणि त्याने धरलेला माणूस उद्या स्वतःच धरणारा होतो. हा संसर्गाचा भाग आपल्या भुतावळीत क्वचितच आढळतो. पण तो आपल्या गावाच्या अनुभवात मात्र पुरेपूर आहे. पटकी आली की मरीआईचा गाडा सजवून, वाजतगाजत, शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडण्याची रीत महाराष्ट्रात होती. पलीकडचे गाव तो पुढच्या शिवेवर ढकलत असे. आपली पीडा दुसऱ्याच्या हद्दीत लोटून निश्चिंत होणे, आणि ती फिरून आपल्याच दाराशी येणे, याहून रक्तपिपासूकथेच्या गाभ्याजवळचे दुसरे काय असणार? तेव्हा रूपांतराला विचारायचा प्रश्न ‘हे परदेशी आहे का’ हा नाही. परदेशी पिशाच्चाला इथल्या माणसाने कोणत्या इथल्या कारणाने ओ दिली, हा आहे. रामसे बंधूंच्या ‘बंद दरवाजा’ या १९९० च्या हिंदी चित्रपटाने याचे एक उत्तर दिले होते. त्यातली ठकुराईन मूल होत नाही म्हणून, आपल्यावर सवत येईल या धास्तीने, काळ्या पहाडावरच्या सैतानाकडे जाते आणि मुलगी झाली तर ती त्याला देण्याचे कबूल करते. पुढचा चित्रपट कसाही असो, हा शब्द शंभर टक्के इथला आहे. वांझपणाचा शिक्का आणि मुलीचा उणा भाव, या दोन गोष्टींनी तो तिच्या तोंडून वदवून घेतला.

हीच कसोटी पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावातून लावून पाहिली तर ती किती नेमकी आहे ते ध्यानात येते. भोकरदन तालुक्यातल्या या गावाच्या नावातच एक झाड आणि एक देवी आहे. पिंपळ म्हटला की मुंजा आठवतो, रेणुकाई म्हटली की राखणारी आई. वाडीला भूत आणि वेशीला देव अशी ही जुनी मांडणी. पण आजचे पिंपळगाव रेणुकाई दूरवर ओळखले जाते ते हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी. बाहेरचे व्यापारी येतात, गाड्या भरतात, परक्या मुलखात माल जातो. असे गाव वेस मिटून बसू शकत नाही. अनोळखी माणसाला ‘या, बसा’ म्हणणे हा इथे शिष्टाचार आहे आणि पोटापाण्याचा मार्गही. म्हणूनच रक्तपिपासूची कादंबरी अशा गावात घडवणारा लेखक खरा कसाला लागतो. परक्याचे स्वागत हाच दोष ठरवला तर ती कादंबरी बाहेरच्या प्रत्येकाविषयी संशय पेरणारी होईल आणि नीच पातळीवर उतरेल. चांगल्या लेखकाला दाखवावे लागेल की ‘या’ हा शब्द रोजच्यासारखाच उच्चारला गेला, पण या वेळी बोलणाऱ्याने समोरच्याच्या डोळ्यांत पाहिले नाही, कारण त्याचे लक्ष सातबाऱ्यावर, भावावर किंवा जुन्या भाऊबंदकीच्या सुडावर होते. चांगुलपणातून दिलेला शब्द आणि लोभातून दिलेला शब्द कानाला एकसारखेच लागतात. त्यांतला फरक ऐकू यायला लावणे हे या प्रकारातल्या लेखकाचे खरे कौशल्य.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो महाराष्ट्रात तर टाळताच येणार नाही. ज्या राज्यात अंधश्रद्धेविरुद्ध झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, तिथे भूतपिशाच्चांच्या कादंबऱ्यांचे गुण मोजत बसणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे नव्हे का? कायदा गोष्टीला शिक्षा देत नाही, भीतीच्या आडून होणाऱ्या फसवणुकीला आणि छळाला देतो, एवढे सांगून हात झटकता येईल. पण ते प्रामाणिक उत्तर होणार नाही, कारण काही भयकादंबऱ्या खरोखरच मांत्रिकाच्या धंद्याची जाहिरात करतात. त्या ओळखायच्या कशा? पुन्हा शब्दाकडे वळा. ‘सेलम्स लॉट’मध्ये फादर कॅलाहान क्रूस उगारून बार्लो या रक्तपिपासूला अडवतो. बार्लो त्याला क्रूस टाकून नुसत्या श्रद्धेवर समोर यायला सांगतो. कॅलाहानला ते जमत नाही, आणि त्या क्षणी हातातल्या क्रुसाचे तेज विझते. वस्तूत शक्ती नव्हती, धरणाऱ्याच्या मनात होती, आणि मन डळमळले. रूपांतरकाराने क्रुसाच्या जागी अंगारा, गंडा किंवा तुळशीची माळ ठेवली आणि हा डळमळण्याचा क्षण गाळला, तर उरतो तो नुसता तोडगा. तोडगा नेहमी लागू पडतो, आणि नेहमी लागू पडणारा तोडगा हेच भोंदूचे भांडवल असते. जी कादंबरी तोडग्याला हरू देते, संकटाच्या कारणांत माणसाचा लोभ, भेकडपणा आणि मौन मोजते, ती वाचकाला शेजारणीत चेटकीण शोधायला शिकवत नाही, स्वतःच्या घराची कडी तपासायला लावते. भयकादंबरीचा विवेकाशी झगडा असतोच असे नाही. वाईट भयकादंबरीचा मात्र असतो.

आता मालिकेचा प्रश्न. एका कादंबरीत दिलेला शब्द एकदाच खर्च होतो. दुसऱ्या, तिसऱ्या भागात लेखकाला तो पुन्हा कमवावा लागतो, आणि बहुतेक मालिका इथेच घसरतात. ॲन राईसची १९७६ ची पहिली कादंबरी आजही हलवून सोडते. भावाच्या मृत्यूचे ओझे घेऊन मरण शोधत हिंडणारा लुई रक्तपिपासू होणे पत्करतो, आणि त्याची किंमत क्लॉडिया ही मुलगी भरते. तिचे मन वाढते, पण देह कायम लहान मुलीचा राहतो. किंमत इतकी स्पष्ट मांडणारी पाने या प्रकारात थोडी आहेत. पुढच्या भागांत मालिका रक्तपिपासूंच्या इतिहासाकडे वळते, १९८८ च्या तिसऱ्या भागात पार प्राचीन इजिप्तमधल्या उगमापर्यंत पोचते. विस्तार भव्य आहे, पण उंबऱ्याआत राहणारा साधा माणूस हळूहळू दिसेनासा होतो, आणि त्याच्याबरोबर भीतीही. २००५ ते २००८ या काळात आलेल्या ‘ट्वायलाइट’च्या चार भागांत तर शब्द देणारी बेला स्वतःच उतावीळ आहे. त्यात गैर काही नाही, प्रेमासाठी मरण पत्करणे ही जुनीच गोष्ट. पण शेवटी तिला मरणाच्या बदल्यात रूप, बळ, नवरा, मूल आणि वडील सगळेच मिळते. हिशेबात खर्चाची बाजूच उरत नाही. दुसरी घसरण उलट्या दिशेने होते. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस आहेत, एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. शब्द पुन्हा कमावता आला नाही की लेखक भयाची तूट जुगुप्सेने भरून काढतो. पहिल्या भागात दोन थेंब, चौथ्या भागात घागरी. रक्ताचे प्रमाण भागागणिक वाढत असेल, तर गोष्टीतली माणसे उणी पडली आहेत असे खुशाल समजावे.

यावर धारपांचा निष्ठावंत वाचक ‘समर्थ’कथांकडे बोट दाखवील. तिथे दुष्ट शक्तींशी लढणारा नायक भाग बदलले तरी तोच, शेवटी विजय त्याचाच, तरीही वाचक दशकानुदशके ती पुस्तके झिजेपर्यंत वाचत आले. मग कसोटी चुकली का? चुकली नाही, ती दुसऱ्या जिनसेला लावली गेली. मालिका दोन जातींच्या असतात, रक्षकाच्या आणि भक्षकाच्या. रक्षकाच्या मालिकेत वाचक धीर घ्यायला येतो. निकाल माहीत असूनही कीर्तनात प्रल्हादाचे आख्यान पुन्हा ऐकावे तसे ते वाचन असते, आणि धीर देणे हे साहित्याचे हलके काम नाही. पण अशा मालिकेत ओ कोणी दिली हा प्रश्न मागे पडतो, कारण ती कोणीही दिली तरी सोडवणारा ठरलेला आहे. ‘लुचाई’च्या वाटेने जाणाऱ्या कथेत सोडवणारा असा कोणी बाहेरून येत नाही. घाबरलेल्या, अर्धवट विश्वास ठेवणाऱ्या माणसांनीच एकमेकांना धरून उभे राहायचे असते आणि त्यांतली काही परत यायची नसतात. समर्थकथांना धीराने मोजावे, रक्तपिपासूच्या कथांना किमतीने. एकाच लेखकाच्या दोन हातांना एकच माप लावून कोणा एकाला उणे ठरवण्यात अन्याय आहे.

उरतो तो तिसरा आक्षेप, की असले साहित्य मुळात गंभीर परीक्षणाच्या लायकीचे नाही. त्याचे उत्तर याच मुलखात आहे. आजचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, प्रतिष्ठानाहून उज्जयिनीकडे जाणाऱ्या वाटेवरचे नगर. एका टोकाला विक्रमाची नगरी, दुसऱ्या टोकाला पैठण. त्या पैठणच्या सातवाहन राजाकडे गुणाढ्याने पैशाची भाषेत, म्हणजे पिशाच्चांच्या म्हणून हिणवलेल्या भाषेत, रक्ताने लिहिलेली ‘बृहत्कथा’ पाठवली आणि दरबाराने ती भाषेपायी झिडकारली, अशी आख्यायिका आहे. मग गुणाढ्य रानात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकत गेला. राजा धावत आला तेव्हा सातांतला एकच भाग उरला होता. सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ स्वतःचे मूळ त्या उरलेल्या भागात सांगतो. आख्यायिका कितपत खरी हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिचा न्याय स्पष्ट आहे: गोष्ट कोणत्या भाषेतून आणि कोणाच्या तोंडून आली यावरून तिला नाकारणारा दरबार गोष्टीचे नाही, स्वतःचे नुकसान करतो. धारपांच्या ‘आजी’ या कथेने दिलेल्या प्रेरणेतून २०१८ मध्ये ‘तुंबाड’ हा चित्रपट उभा राहिला, तेव्हा त्या न्यायाची प्रचिती पुन्हा आली. कमी लेखलेल्या कप्प्यात ठेवलेली कथा माणसाच्या हव्यासाविषयी केवढे बोलू शकते, हे मग सर्वांनी पाहिले.

एकाच किल्लीने सगळी कुलपे उघडतात असा दावा इथे नाही. भाषेचा पोत, प्रसंगांची बांधणी, पात्रांचा वेगळेपणा हे सगळे मोजावेच लागते. पण रक्तपिपासूच्या कथेत या सगळ्याचे काम एकच असते, कडी काढणाऱ्या हातापर्यंत वाचकाला इतके जवळ नेणे की तो हात परका वाटू नये. म्हणून पुढची प्रत्येक कादंबरी वाचताना कोण किती घाबरले हे मोजण्याआधी एवढेच पाहावे: दार कोणी उघडले, त्याला काय हवे होते, आणि बिल कोणाच्या नावावर फाटले. ‘सेलम्स लॉट’च्या शेवटी उरलेले दोघे गावाला आग लावायला परत येतात, आणि ज्या घरांना आग लागणार ती त्यांच्या ओळखीच्या माणसांची असतात. गाव त्यांना प्रिय होते म्हणूनच ती आग वाचकाला जाळते. जिवंत असताना ज्या माणसांवर लेखकाने प्रेम केले नाही, ती मेल्यावर त्याला कुणालाही घाबरवता येत नाही.

पिंपळगाव रेणुकाई,
ता. भोकरदन, जि. जालना